बारा प्रेषित कोणत्या वंशांचे? : प्रस्तावना

नव्या करारात बारा प्रेषितांची नावं चार ठिकाणी दिली आहेत : मत्तयाचा दहावा अध्याय, मार्काचा तिसरा, लूकचा सहावा आणि प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला. कोण कोणाचा भाऊ, कोणाचा बाप कोण, कोणाला कोणतं नाव नंतर पडलं, कोण जकातदार होता, कोणी गुरूला धरून दिलं, हे सगळं तिथे आहे. कोण कोणत्या वंशाचा, हे मात्र एकाही यादीत नाही. आणि बायबलच्या मराठी अभ्यासवर्गांत हमखास निघणारा प्रश्न नेमका हाच असतो. बारा वंश, बारा प्रेषित. मग प्रत्येक वंशातून एकेक घेतला असणार, नाही का? पेत्र कुठल्या वंशाचा? थोमा?

प्रश्न भाबडा आहे, पण फालतू नाही. या पुस्तकाचा विषय तोच आहे.

आपल्याला तो इतका सहज सुचतो याचं कारण पॅलेस्टाईनमध्ये शोधायला नको. आडनाव ऐकल्यावर मनातल्या मनात माणसाची जागा ठरवून टाकणाऱ्या समाजात आपण राहतो, आणि बाप्तिस्मा घेतल्यानं ही सवय सुटलेली नाही. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक यांची ओळख करून देताना त्यांची पूर्वीची जात पहिल्या दोन वाक्यांतच येते, आणि जरा अभिमानानंच येते. नगर जिल्ह्यात महार आणि मांग वस्त्यांमधून जी मंडळी उभी राहिली, त्यांच्या बाबतीत तीच माहिती कुजबुजीत सांगितली जाते. अशा घरांत वाढलेला वाचक प्रेषितांची यादी वाचताना ‘पण हे मूळचे कोण?’ असं विचारणारच.

आधी शास्त्रात काय आहे ते सरळ पाहू. नव्या करारात वंशाचा उल्लेख होतो, पण मोजक्याच माणसांच्या बाबतीत. येशू यहूदाच्या वंशातला, हे इब्री लोकांस पत्रात स्पष्ट आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आई अलीशिबा अहरोनाच्या कुळातली, म्हणजे लेवी. कुप्र बेटाचा बर्णबा लेवी होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात आहे. मंदिरात उपासतापास करणारी वृद्ध हन्ना आशेर वंशाची, असं लूक सांगतो. हा उल्लेख मोठा गोड आहे, कारण आशेर हा उत्तरेकडचा, हरवला म्हणून समजला जाणारा वंश. रिचर्ड बॉकम या अभ्यासकानं हन्नेवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि तिचं घराणं पूर्वेकडच्या निर्वासितांमधून परतलं असावं असा तर्क मांडला आहे. आणि पौल. तो स्वतःला बन्यामीन वंशाचा म्हणवतो, रोमकरांस लिहितानाही आणि फिलिप्पैकरांस लिहितानाही. पण पौल त्या बारांतला नाही. बर्णबाही नाही. म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे त्या बाराही जणांबद्दल नवा करार गप्प आहे.

एक अपवाद काढता येण्यासारखा आहे, आणि पुष्कळांनी काढलाही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात नाक्यावर बसलेल्या ज्या माणसाला येशू बोलावतो त्याचं नाव मत्तय. मार्क आणि लूक हीच हकिगत सांगताना त्याला लेवी म्हणतात. मग तो लेवी वंशाचा असेल काय? असेलही. पण शिमोन नावाचे दोन प्रेषित आहेत म्हणून दोघंही शिमोन वंशाचे ठरत नाहीत, आणि यहूदा नावाचा प्रत्येकजण यहूदा वंशाचा ठरत नाही. पूर्वजांची नावं मुलांना ठेवणं ही तिथली रीत होती. नावावरून कूळ काढायला बसलो तर आपल्याकडे किती गोंधळ होईल, हे सांगायला नको.

‘एका वंशातून एक’ हे गणित तर मुळातच बसत नाही, आणि ते तपासायला इब्री भाषा यावी लागत नाही. पेत्र आणि अंद्रिया सख्खे भाऊ. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान सख्खे भाऊ. वंश बापाकडून येतो. म्हणजे चार माणसांत जास्तीत जास्त दोन वंश. उरलेल्या आठांचे आठ निराळे धरले तरी बेरीज दहाच्या पुढे जात नाही. बारा माणसांत बारा वंश बसवायचेच असते, तर येशूनं भावांच्या दोन जोड्या निवडल्या नसत्या.

याहून जास्त बोलका प्रसंग यहूदा इस्कर्योताच्या मृत्यूनंतरचा आहे. रिकामी जागा भरायची आहे. पेत्र उभा राहून अट सांगतो, आणि अट एकच आहे : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत जो आपल्याबरोबर होता, तो हवा. दोघांची नावं पुढे येतात, चिठ्ठ्या टाकल्या जातात, मत्थिया निवडला जातो. यहूदा अमुक वंशाचा होता, तेव्हा त्याच वंशाचा माणूस पाहा, असं कोणीही म्हणत नाही. पुढे हेरोद जब्दीच्या याकोबाला तलवारीनं मारतो, तेव्हा तर त्याची जागा भरतही नाहीत. हे दोन प्रसंग एकत्र वाचले की मला वाटतं, पहिल्या मंडळीला बारा हा आकडा महत्त्वाचा होता. त्या बारांची कुळं तिच्या विचारातसुद्धा नव्हती.

आकडा महत्त्वाचा का, याचं उत्तर येशूच्या एका वचनात आहे. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो शिष्यांना सांगतो की ते बारा आसनांवर बसून इस्राएलाच्या बारा वंशांचा न्याय करतील. ज्या काळात बारा वंश एका ठिकाणी राहिलेलेच नव्हते, त्या काळात बारा माणसं मुद्दाम निवडून फिरणं म्हणजे विखुरलेलं इस्राएल देव पुन्हा जमवतो आहे, असं न बोलता सांगणं. ई. पी. सँडर्स या अभ्यासकानं १९८५ साली हा मुद्दा जोरानं मांडला, आणि मला तो पटतो. बारा माणसं त्या सगळ्या राष्ट्राची खूण होती. खुणेला जन्मदाखला लागत नाही.

पण वंश खरोखर कुठे होते? इसवीसनापूर्वी ७३२ च्या सुमारास अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर यानं गालील जिंकला, नफतालीचा मुलूख ओस पाडला, लोक उचलून नेले. दहा वर्षांनी शोमरोनही पडलं. पुरातत्त्वाच्या उत्खननांतून असं दिसतं की त्यानंतर गालीलात वस्ती फार विरळ होती. इसवीसनापूर्वी शंभरच्या आसपास हस्मोनी राजांनी तो मुलूख घेतला आणि दक्षिणेकडून, यहूदियातून, माणसं तिथे येऊन वसली. म्हणजे कफर्णहूममधला कोळी नफतालीच्या जमिनीवर राहत असला, तरी त्याचे खापरपणजोबा यहूदियातून आलेले असण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे.

इथेच बहुतेक जुन्या अर्थकारांचा पाय घसरतो. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथ सोडून कफर्णहूमला राहायला जातो, आणि तिथे यशयाचं जबुलून आणि नफताली यांच्याबद्दलचं वचन पूर्ण झालं असं म्हटलं आहे. त्यावरून पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान हे नफताली नाहीतर जबुलून वंशाचे, असं अनुमान निघालं. गावावरून वंश. मी राहतो त्या मुळशी तालुक्याला ही पद्धत लावून पाहावी. शिवकाळात हा बारा मावळांचा मुलूख. खोऱ्याखोऱ्याला देशमुख घराणं : पौड खोऱ्यात ढमाले, मुठा खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर. आज पौडच्या बाजारात भेटलेल्या माणसाला तो पौडचा म्हणून ढमाले ठरवलं, तर लोक हसतील. मुळशीच्या धरणानं गावंच्या गावं उठवली. १९२१ चा सत्याग्रह त्यासाठीच झाला. हिंजवडीत आता निम्मा देश राहतो. मुलूख आणि कूळ यांची फारकत व्हायला शंभर वर्षं पुरतात. पेत्र आणि यहोशवानं वंशांना केलेली जमिनीची वाटणी यांच्यामध्ये हजाराहून जास्त वर्षं आहेत.

शिवाय बारा मावळ नेमके कोणते, हे विचारा. सगळे बारा म्हणतात. नावं मोजायला बसलं की एका लेखकाची यादी दुसऱ्याशी जुळत नाही. बायबलमध्येही हेच आहे. उत्पत्तीच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात लेवी आहे आणि योसेफ एकच आहे. शिरगणतीत लेवी बाहेर काढला की योसेफाचे एफ्राइम आणि मनश्शे असे दोन होतात. अनुवादाच्या तेहतिसाव्या अध्यायात शिमोनाचं नाव नाही. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात दान गळाला आहे, मनश्शे आहे आणि शेजारी योसेफही आहे. प्रेषितांच्या याद्यांतही मत्तय आणि मार्क तद्दय लिहितात तिथे लूक याकोबाचा यहूदा लिहितो. बारा हा आकडा आधी पक्का होतो आणि नावं त्यात मागाहून बसवली जातात. एवढं ध्यानात धरलं तर पुढची पुष्कळ प्रकरणं सोपी जातील.

आता जुन्या भाष्यकारांकडे. त्यांना हसण्याचा माझा इरादा नाही. त्यांचं वाचन आपल्यापेक्षा दांडगं होतं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजच्या तर्तुलियनानं याकोबाच्या आशीर्वादातलं बन्यामीनाचं वर्णन घेतलं. तिथे बन्यामीन हा फाडून खाणारा लांडगा आहे, सकाळी भक्ष्य खातो आणि संध्याकाळी लूट वाटतो. तर्तुलियन म्हणतो, हा पौल : तरुणपणी मंडळीचा छळ करणारा, उत्तरवयात परराष्ट्रीयांना शुभवर्तमान वाटणारा. स्तोत्र ६८ मध्ये बन्यामीन, यहूदा, जबुलून आणि नफताली यांचे सरदार मिरवणुकीत चालतात. त्यात प्राचीन भाष्यकारांना प्रेषितांची मिरवणूक दिसली, आणि धाकटा बन्यामीन म्हणजे पौल हा अर्थ ऑगस्टीननंही लावला. ही वाचनं सुंदर आहेत. पण ती स्तोत्राबद्दल आणि पौलाबद्दल सांगतात; पेत्राच्या आजोबांबद्दल काही सांगत नाहीत.

सगळ्या प्रेषितांची वंशवार यादी मला सापडली ती बरीच उशिराची आहे. तेराव्या शतकात बसऱ्याचा बिशप असलेल्या शलमोन नावाच्या सुरियानी लेखकानं ‘मधमाशीचा ग्रंथ’ लिहिला; बज या अभ्यासकानं तो १८८६ साली इंग्रजीत आणला. त्यात पेत्र आणि अंद्रिया नफतालीचे, याकोब आणि योहान जबुलूनचे, फिलिप्प आशेरचा, थोमा यरुशलेमचा आणि यहूदा वंशाचा, बर्थलमय एन-दोरचा आणि इस्साखार वंशाचा, शिमोन कनानी एफ्राइमचा, अल्फीचा याकोब मनश्शेचा, अशी ओळीनं वाटणी आहे. वाचताना आधी वाटतं, वा, सापडलं! मग जरा थांबून पाहावं. मत्तय, ज्याला दोन शुभवर्तमानं लेवी म्हणतात, तो इथे इस्साखारचा आहे. पौल, ज्यानं स्वतः दोनदा बन्यामीन सांगितलं, तो इथे एफ्राइमचा आहे. ज्या यादीनं खुद्द पौलाला खोटं पाडलं, तिच्यावर अल्फीच्या याकोबासाठी विसंबायचं कसं?

आणि यहूदा इस्कर्योत. शलमोन त्याला गादचा म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो की काहींच्या मते तो दान वंशाचा. का दान? कारण उत्पत्तीत दान हा वाटेवरचा साप आहे, घोड्याच्या टाचेला डसणारा. दानाची बदनामी त्याआधीपासूनची आहे. दुसऱ्या शतकात इरेनियसनं ख्रिस्तविरोधी दानातून येईल असं सांगून ठेवलं होतं. म्हणजे इथे पुरावा कुठून आला ते उघड आहे. आधी माणूस दुष्ट ठरला, मग त्याला साजेसा वंश शोधला गेला. हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. आपल्या गावात चोरी झाली की पोलिसांच्या आधी लोक कोणत्या वस्तीकडे बघतात, ते आपण जाणतो.

वंशाच्या या शोधाचं एक प्रकरण आपल्या दाराशीच घडलं आहे, आणि त्याला मी पुस्तकात जास्त पानं दिली आहेत. मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरलं की माणगाव, आणि पुढे रायगड जिल्ह्याची किनारपट्टी. तिथे बेने इस्राएल हे यहूदी लोक शतकानुशतकं राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. आडनावं गावांची : केहिमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. आडनावावरून गाव कळतं. वंश कळत नाही. त्यांना त्याची अडचणही नव्हती. अडचण सुरू झाली ती बाहेरून आलेल्यांची.

१८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी या लोकांत फार रस घेतला. १८३२ साली त्यांनी इब्री व्याकरण मराठीत छापलं. विल्सनना दिसलं की ही माणसं स्वतःला यहूदी म्हणवत नाहीत, त्या शब्दाचा त्यांना राग येतो. ते स्वतःला इस्राएलाची मुलं म्हणवतात. त्यावरून ते हरवलेल्या दहा वंशांपैकी असावेत, हा तर्क बळावला. हा तर्क शेवटी बायबलच्या वाचनातूनच आला होता : अश्शूरनं नेलेले दहा वंश कुठेतरी असलेच पाहिजेत, मग ते कोकणात का नसावेत? पुढे हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी स्वतःच्या समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यांनीही पूर्वजांची वाट गालीलापर्यंत नेली. आणि याच समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, रोटीबेटी नव्हती, हे लपवायचं कारण नाही. कोकणात राहून जात टाळणं कोणालाच जमलेलं नाही.

१९६२ साली इस्राएलमध्ये मुख्य धर्मपीठानं बेने इस्राएलच्या लग्नांआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. जे समाज म्हणून कोकणात कित्येक पिढ्या शब्बाथ पाळत होते, त्यांना वंशाचा पुरावा मागितला गेला. आंदोलनं झाली, ठिय्ये झाले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेनं ते सर्वार्थानं यहूदी आहेत असा ठराव केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्यात यहूदी आणि भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा असल्याचं दिसलं. कोणता वंश, हे मात्र रक्तातून निघत नाही. आशेरची खूण सांगणारी चाचणी नाही.

बर्थलमय कोकणात आला होता काय, हा या गोष्टीला जोडून येणारा प्रश्न. मंडळीचा इतिहासकार युसेबियस सांगतो की ख्रिस्ती शिक्षक पांतैनुस ‘इंडिया’त गेला तेव्हा तिथे त्याला मत्तयाचं इब्री शुभवर्तमान सापडलं, आणि ते बर्थलमयानं आणलं होतं. ही जागा कल्याण असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलं. किनाऱ्यावरच्या यहूदी वस्तीमुळे तो तिकडे गेला असेल, असाही तर्क झाला. मला हे सगळं शक्य वाटतं, सिद्ध वाटत नाही. या विषयावरच्या प्रकरणात दोन्ही बाजू आहेत. वाचकानं आपला कौल द्यावा.

पौलाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो आपली सगळी कागदपत्रं काढून दाखवतो : आठव्या दिवशी सुंता, इस्राएल वंश, बन्यामीन कूळ, इब्र्यांचा इब्री, परूशी. मराठी माणसाला ही यादी लगेच कळते. स्थळाच्या पत्रिकेत हेच असतं. आणि ती पुरी झाल्यावर तो म्हणतो की ख्रिस्तापुढे हे सगळं आपण केरकचरा समजतो. लक्षात घ्या, तो वंश नाकारत नाही. त्याला तो पाठ आहे. फक्त त्याचं भांडवल करायला तो तयार नाही. बाराजणांच्या वंशाबद्दल शुभवर्तमानं गप्प आहेत, ती माहिती नव्हती म्हणून की सांगावीशी वाटली नाही म्हणून, यावर वाद घालता येईल. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. लूकला अलीशिबेचं कूळ माहीत होतं, हन्नेचा वंश माहीत होता. पेत्राचा विचारायला त्याला कोणी अडवलं नव्हतं.

पुस्तक वाचताना बायबल उघडं ठेवावं. अध्याय आणि ओव्या जागोजागी दिल्या आहेत. नावं मराठी पवित्र शास्त्रातलीच वापरली आहेत, म्हणजे शोधायला त्रास होणार नाही. ज्यांच्या घरी जुन्या मिशनच्या नोंदवह्या, बाप्तिस्म्याचे दाखले किंवा कोकणातल्या बेने इस्राएल घराण्यांची हस्तलिखितं असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी प्रकाशकांकडे एक पत्र टाकावं. आणि अभ्यासवर्ग घेणाऱ्यांना एक विनंती : चौथ्या प्रकरणातली वंशांची यादी मुलांकडून पाठ करून घेऊ नये. ती पेत्रानं सांगितलेली नाही; तेराव्या शतकातल्या बसऱ्याच्या एका बिशपनं लिहिलेली आहे.

पौड, ता. मुळशी, जि. पुणे